नव्या एअर रायफलचे छर्रे विखुरतात, ते का?

प्रश्न : मी दोन महिन्यांपूर्वी ०.१७७ बोअरची, नळी सांध्यात वाकवून छर्रा भरण्याची स्प्रिंगवरची एअर रायफल घेतली. खोक्यावर ती शिकारीची असल्याचे छापले आहे. मला मात्र मुळशीतील आमच्या शेतावर कागदी लक्ष्यावर सराव करायचा आहे. सुरुवातीला १० मीटरवर पाच छर्रे साधारण तीन सेंटीमीटरच्या आत बसत असत. आता ते सहा सेंटीमीटरपर्यंत पसरतात. मी रायफलचा पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर टेकवतो, दस्ता खांद्याशी घट्ट आवळून धरतो आणि छर्रा जिकडे गेला त्याच्या उलट बाजूला मागची साइट (नेम धरण्याची खाच) फिरवतो. तरीही सुधारणा नाही. दुकानदार म्हणतात, हात बसायला वेळ लागतो. दोष रायफलचा की माझ्या हाताचा?
(एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : छर्रे आधी तीन सेंटीमीटरमध्ये बसत होते, हे तुम्ही कळवलेत ते फार बरे झाले. जी रायफल एकदा तेवढ्यात मारत होती, तिची नळी मुळातच वाईट असण्याची शक्यता कमी. आणि सरावाने हात सुधारतो, दुपटीने बिघडत नाही. तेव्हा दोन महिन्यांत रायफलमध्ये काहीतरी सैल झाले आहे असे धरून आपण सुरुवात करू. तुमच्या धरण्याच्या पद्धतीतही एक चूक आहे, तिच्याकडे नंतर येतो.

साइट फिरवणे मात्र आजपासूनच थांबवा. पाचही छिद्रे एकमेकांना खेटून, पण मध्यबिंदूच्या डावीकडे पडत असतील, तर तो साइटचा प्रश्न असतो आणि दोन-चार खटक्यांत सुटतो. छिद्रे चहूकडे विखुरत असतील, तर साइट कितीही फिरवली तरी विखुरणे कमी होत नाही. उलट प्रत्येक बारानंतर ती हलवल्याने रायफलच्या पसरण्यात तुमच्या फिरवण्याची भर पडते. साइट मधोमध आणून ठेवा आणि ग्रुप, म्हणजे पाच छिद्रांचा पुंजका, लहान होईपर्यंत तिला हात लावू नका. मोजमापही नेहमी एकाच रीतीने करा : सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजून त्यातून छर्ऱ्याच्या व्यासाचे ४.५ मिलिमीटर वजा करावेत. एखादे छिद्र ‘हा माझ्या हातून चुकला’ म्हणून वगळण्याचा मोह होतो, तो आवरावा.

आता दस्त्याचे स्क्रू पाहा. स्प्रिंगच्या रायफलला प्रत्येक बाराला दोन धक्के बसतात. पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे येते, आणि तो सिलिंडरच्या टोकाशी थांबतो तेव्हा ती पुढे ओढली जाते. या हिसक्यांनी स्क्रू हळूहळू सैल होतात आणि लोखंडी भाग लाकडात दर वेळी निराळ्या जागी बसू लागतो. माझ्या स्वतःच्या पहिल्या रायफलच्या वेळी मी दिवाळीची अख्खी सुटी छर्रे बदलण्यात घालवली होती. शेवटी कंदिलाच्या उजेडात पाहिले, तर पुढच्या बाजूच्या एका स्क्रूच्या डोक्याभोवती वार्निशवर चकचकीत कडे उमटलेले होते. स्क्रू अर्धा फेरा सैल होता. विकत देताना कोणी एका शब्दाने सांगितले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते. तुमच्याकडेही दस्त्याच्या पुढच्या भागाच्या दोन्ही बाजूंचे आणि ट्रिगरच्या कड्यापाशी असलेले स्क्रू खाचेत नेमक्या बसणाऱ्या पान्याने आवळा; लाकूड चिरडेल इतका जोर मात्र लावू नका. मग स्क्रूच्या डोक्यावरून दस्त्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढा. ती रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, हे नजरेनेच कळते.

मग धरण्याची पद्धत. छर्रा नळीच्या तोंडाशी पोहोचण्याआधीच रायफल हलू लागलेली असते, त्यामुळे ती प्रत्येक वेळी सारखीच हलू देणे एवढेच आपल्या हाती असते. वाळूच्या पिशवीवर टेकवली की ती उसळते, आणि घट्ट आवळली की दर बाराला आवळण्याचा जोर थोडा बदलतो. म्हणून पिशवीवर रायफल न ठेवता आपल्या हाताची पाठ ठेवावी, उघड्या तळव्यावर रायफलचा तोल जिथे साधतो ती जागा टेकवावी, बोटे मिटू नयेत, आणि दस्ता खांद्याला नुसता लागेल इतकाच ठेवावा. पहिले वीस-तीस बार हे धरणे अगदी निसटते वाटेल. बार झाल्यावरही दोन श्वासांइतका वेळ नेम सोडू नका. ज्यांनी .२२ची काडतुसाची रायफल चालवली आहे त्यांना ही रीत उलटी वाटते, आणि म्हणूनच त्यांच्याकडूनही या बाबतीत चुकीचा सल्ला मिळतो.

एवढ्याने ग्रुप पुन्हा तीन सेंटीमीटरवर यावा. त्याहून लहान करायचा असेल तर छर्ऱ्यांकडे वळा. एकाच बनावटीच्या दोन नळ्यांनाही निरनिराळे छर्रे मानवतात, तेव्हा शेजाऱ्याचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही. सपाट डोक्याचे दोन आणि गोल डोक्याचे दोन असे चार प्रकार थोडे थोडे आणा. प्रकार बदलला की पहिले पंधरा-वीस छर्रे नळीला सवय होण्यासाठी सोडून द्या, मग पाच-पाचचे तीन ग्रुप काढा. छर्रा भरण्यापूर्वी बोटांत फिरवून पाहा. शिशाची ती पातळ मागची कड डब्यात आदळून चेपलेली असेल, तर तो छर्रा बाजूला ठेवावा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने गुण आला ते कळणार नाही.

स्क्रू आणि धरणे या दोन्हींनी काहीच फरक पडला नाही, तरच पुढच्या तीन तपासण्या करा. रायफल कॉक करून, म्हणजे नळी पूर्ण ओढून स्प्रिंग ताणून, नळी मधल्या स्थितीत ठेवा, ट्रिगरपासून बोट दूर राहू द्या आणि नळी आडवी हलवून पाहा. सांध्यात खुळखुळ जाणवली तर तिथला बोल्ट सैल आहे. छर्रा भरून नळी बंद करा, सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवा आणि सुरक्षित दिशेने बार करा. पट्टी उडाली तर सांध्यातले सील (हवा अडवणारे कडे) हवा सोडते आहे. शेवटी, रायफल रिकामी असताना कान साफ करण्याची कापसाची काडी नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून हलक्या हाताने फिरवा. कापसाचे तंतू एखाद्या जागी अडकले तर कडेला बारीक कुसळ आहे. सील आणि कड ही कामे जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावीत. दुर्बीण बसवण्याचा विचार सध्या करू नका. त्या पुढच्या-मागच्या हिसक्यांनी साधी दुर्बीण सरकते किंवा आतून निकामी होते, आणि मग शोधायला आणखी एक दोष वाढतो.

बालेवाडीच्या रेंजवर खेळाडूंच्या हाती जी रायफल दिसते ती दाबलेल्या हवेवर चालते, तिला हा हिसकाच नसतो. तिच्या १० मीटरच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्या कसोटीला आपली रायफल लावू नये. स्प्रिंगच्या साध्या रायफलने १० मीटरवर दीड सेंटीमीटरमध्ये पाच छर्रे बसवले, तर मी ती चांगली म्हणेन.

खोक्यावर काहीही छापलेले असो, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे संरक्षित पशुपक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा तुमचा कागदी लक्ष्याचा निर्णय योग्यच आहे. लक्ष्यामागे दगड किंवा पत्रा नको, छर्रा उलटून येतो. जुने कपडे दाबून भरलेली जाड पेटी ठेवा, डोळ्यांवर चष्मा असू द्या आणि सरावानंतर शिशाचे हात धुवा.

प्रश्न : पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून आम्ही मुलीच्या एअर रायफलमध्ये भरपूर तेल सोडले. आता बार होताना मोठा कडाका होतो, धूर येतो आणि छर्रे वर-खाली जातात.
(एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे)

उत्तर : ते तेल पिस्टनपुढच्या पोकळीत उतरले आहे. हवा एकदम दाबली गेली की ती इतकी तापते की तेल पेट घेते. प्रत्येक बाराला ते कमी-जास्त जळते, म्हणून छर्ऱ्याचा वेग बदलतो आणि नेम वर-खाली होतो. पिस्टनचे सीलही यात खराब होऊ शकते. कोरड्या सुती कापडाची चिंधी नायलॉनच्या दोरीला बांधून मागच्या तोंडाकडून पुढे ओढा आणि ती स्वच्छ येईपर्यंत चिंध्या बदला. लोखंडी गज आत घालू नका. मग छर्रा भरूनच साठ-सत्तर बार करा. रिकामी रायफल चालवली तर पिस्टन नुसताच आपटतो. कडाका तरीही थांबला नाही, तर रायफल कारागिराकडे उघडून घ्यावी. पुढच्या पावसाळ्यात तेलाचा हलका हात फक्त बाहेरच्या लोखंडावर, फडक्याने फिरवा.