ड्रायव्हरच्या बाजूचं दार हवंच का?

अमेरिकेत क्लास ए मोटरहोमला, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या बससारख्या मोठ्या गाडीला, ड्रायव्हरच्या बाजूला बहुतेक वेळा दार नसतंच. क्लास सी या दुसऱ्या प्रकाराला पुढे व्हॅनचीच केबिन, त्यामुळे दोन्ही दारं आपसूक मिळतात. माझ्या आधीच्या गाडीला हे दार होतं. कॅम्पसाइटवर मागे घेताना झटकन उतरून झाडाची फांदी बघून यायची, एवढं सुख खरं. पण थंडीत रबरी पट्टीच्या फटीतून वारा थेट डाव्या गुडघ्यावर! पावसात पायाशी ठेवलेली चप्पलसुद्धा भिजायची. क्लास एमध्ये तर सीट उंचावर, उतरायचं म्हणजे शिडीच. गाडी विकत घेताना तेवढ्या दारासाठी आतली मनासारखी रचना सोडू नका. संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीची कडी मात्र पैसे देण्याआधी स्वतः उघडून बघा. वापर नसल्याने बऱ्याचदा जाम झालेली असते.