आईच्या तोंडचं नाव

‘वर्तमानात जगा’ हा सल्ला हल्ली मोबाइलवर दिवसातून दहा वेळा येतो. तो पाळायला जाऊन जास्तच घाबरलेली माणसं माझ्याकडे येतात. वैशालीताई त्यांतल्याच. (नावं आणि काही तपशील बदलले आहेत.) वय ५६, राहायला मुलुंडला. दादरला माझ्याकडे लोकलने येत.

“मॅडम, हा क्षण धरायला जावं तर तो निसटलेला असतो. मागे बघावं तर तेव्हाची मी आता राहिलेच नाही. मग मी आहे तरी कुठे?”

झोप, भूक, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार, हे मी आधी विचारून घेते. त्यात काही आढळलं असतं तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. दुखणं कळलं ते दुसऱ्या भेटीत. चार महिन्यांपूर्वी आई गेली होती. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने ‘वैशाली’ लिहिलं गेलं आणि माहेरची सुमन मागे पडली. धाकटा भाऊ ताई म्हणतो. सुमी म्हणणारी एकटी आई. “आता त्या नावाने हाक मारणारं कुणीच नाही,” म्हणाल्या आणि पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिल्या.

अशा प्रश्नाला ‘फार विचार करू नका’ हे उत्तर मला अन्यायाचं वाटतं. प्रश्न खराच आहे.

मी विचारलं, “गाडीत ‘पुढील स्टेशन, दादर’ ऐकता ना? ‘दर’ कानावर येईपर्यंत ‘दा’ विरून गेलेला असतो. तरी तुम्हाला दादर सबंध ऐकू येतं.” विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये हेच मांडलं होतं. आपल्या अनुभवातलं ‘आत्ता’ सुरीच्या धारेइतकं बारीक नसतं, त्याला थोडी रुंदी असते. नुकतंच सरलेलं आणि येऊ घातलेलं त्यातच मावतं. म्हणजे वैशालीताई चिमटीत धरू पाहत होत्या तसा क्षण कुणालाच सापडत नाही.

आईच्या दिव्याबद्दल त्यांनीच सांगितलं. दहा दिवस विझू दिला नव्हता. रात्री दोनला उठून तेल घालायच्या. तेव्हा मला भिक्खू नागसेन आठवले. लहानपणीचा मी आणि आजचा मी एकच की वेगळे, या प्रश्नावर त्यांनी ग्रीक राजा मिलिंदाला दिव्याचाच दाखला दिला होता. पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत तीच का? नाही. मग दिवे निरनिराळे होते का? तेही नाही. त्याच एका दिव्याच्या आधाराने रात्रभर उजेड राहिला.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “वातसुद्धा मी दोनदा बदलली होती.”

मी त्यात काही भर घातली नाही.

नंतरच्या एका भेटीत त्यांनी सांगितलं, की यजमानांना एकदा ‘सुमी’ म्हणायला लावलं. “त्यांच्या तोंडी विचित्रच वाटलं, नको म्हटलं.” पण परवा गाडीत मेथी निवडताना शेजारणीने विचारलं, कोवळे देठ का ठेवता? आई टाकू द्यायची नाही, असं त्या बोलून गेल्या, आणि मग घाटकोपरपर्यंत त्या अनोळखी बाईला आईबद्दलच सांगत राहिल्या. सुमीचं नावही सांगितलं.

रडू आलं का, मी विचारलं. “आलं. पण मेथी निवडून झाली.”

आता महिन्यातून एकदा येतात.