टाईप वन डायबेटिस झालेल्या ९ वर्षांच्या मुलीचा भात आणि गोड कायमचं बंद करावं का? डब्यात काय द्यावं?

अजिबात बंद करू नका. ताट वेगळं मांडलं की पोरगी चोरून खायला शिकते. आणि ‘भाकरी कितीही चालते’ म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कार्ब, म्हणजे रक्तातली साखर वाढवणारे पिष्ट पदार्थ, असतात. आमच्या साताऱ्याकडची भाकरी केवढी असते! पीठ एकदा वजन करून बघाच.

बावधनच्या बगाडाच्या जत्रेला नणंदेकडं गेलो होतो. माझी लेक, तिलाही टाईप वनच, सकाळपासून उन्हात पोरांमागं पळत होती. दुपारी येऊन गप्प बसली. घामाघूम, हात थरथरत होते. बोट टोचलं तर शुगर ५४, म्हणजे फारच कमी. नणंदबाईंनी कंदी पेढा तिच्या तोंडाशी नेला आणि मी भर पाव्हण्यांत त्यांचा हात धरला. पेढ्यात साखर असते हो, पण खव्यातल्या स्निग्धांशामुळं ती रक्तात उतरायला वेळ लागतो. तीन छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. १५ मिनिटांनी परत टोचलं, ९२. मग पळापळ झालेली म्हणून डोस थोडा कमी धरून इन्सुलिन दिलं आणि सगळ्यांबरोबर पुरणपोळी वाढली. रात्री उठूनही शुगर बघितली, कारण खेळण्याचा परिणाम झोपेतसुद्धा दिसतो.

झालं! पोरीच्या तोंडचा पेढा काढला आणि वर पुरणपोळी चारली, असं भावकीत अजून सांगतात. शिवाय ‘एवढ्याशा जिवाला सुया कशाला, कारल्याचा रस द्या.’ अहो, तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, तिथं कारलं काय करणार? इन्सुलिन बंद केलं तर पोर दगावतं. गूळही साखरच, गावरान असला तरी.

डब्यात घरात शिजेल तेच द्या, फक्त कार्ब मोजून आणि त्या हिशेबानं इन्सुलिन देऊन. दप्तरात ग्लुकोज पावडर हवीच, आणि ती कधी द्यायची हे बाईंना सांगून ठेवा.

हे आमचं रोज चार इंजेक्शनांचं गणित आहे. तुमची मुलगी मिक्स (दोन प्रकारचं आधीच मिसळलेल्या) इन्सुलिनवर असेल तर जेवणाच्या वेळा आणि प्रमाण ठरलेलंच ठेवावं लागतं, तिथं डॉक्टर सांगतील तसंच करा. शुगर कमी झाल्यावर किती साखर द्यायची तेही वजनावर असतं. आणि पोर बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा. साखरपाणीसुद्धा नाही. पेढा तर नाहीच नाही, नणंदबाई.