बागेचं विचारा: नाताळसाठी कुंडीतलं खरं झाड

प्रश्न: ताई, आम्ही कलिना गावठाणातले. सासऱ्यांच्या काळी घरात सुरूची फांदी आणून सजवायचे, मग प्लास्टिकचं झाड आलं. आता मुलांना खरं झाड हवंय. गेल्या वर्षी एका नर्सरीतून चार फुटी झाड आणलं, ते तीन राजांच्या सणापर्यंतही (सहा जानेवारी) टिकलं नाही. खालून पिवळं पडत गेलं. यंदा काय बघून घ्यावं?
– एक वाचक, सांताक्रूझ पूर्व

उत्तर: नर्सरीवाले ज्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात ते बहुतेक वेळा अरोकेरिया असतं. मूळचं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या मधल्या नॉरफोक बेटावरचं. खाऱ्या वाऱ्यात वाढलेलं, त्याला बर्फाबिर्फाची गरज नाही, म्हणून आपल्याकडे तग धरतं. तुमचं झाड गेलं ते हवेने नव्हे, मला संशय कुंडीचा आहे. सीझन आला की जमिनीत वाढवलेली झाडं उपटून चकचकीत कुंड्यांत बसवली जातात. मुळं तुटलेली, पण पानं चिवट, त्यामुळे वरून बरेच दिवस काही कळत नाही. कळतं तेव्हा झाड तुमच्या हॉलमध्ये असतं.

म्हणून आधी शेंड्याकडे पाहूच नका, खाली वाका. खोड बुडाशी धरून हलकेच हलवा. मातीचा गोळा कुंडीत डुगडुगला तर ते झाड तिथेच राहू द्या. मातीवर थोडं शेवाळ किंवा गवताचं पातं दिसलं तर उलट आनंद माना, झाड त्या कुंडीत मुरलेलं आहे. तळाच्या भोकातून एखादं मूळ डोकावत असेल तर फारच छान. नर्सरीवाला ‘ताई, गवत काढून देतो’ म्हणेल. काढू द्या, पण तुमचं बघून झाल्यावर.

मग सगळ्यात खालच्या फांद्या. अरोकेरियाची खालची फांदी एकदा गळली की तिथे पुन्हा फुटत नाही, तेव्हा खालचा मजला भरलेला हवाच. शेंड्याचा कोंब शाबूत आहे ना तेही बघा, तो मोडलेला असेल तर झाड पुन्हा तसं सरळ वाढत नाही. एका कुंडीत तीन-चार रोपं कोंबून दाट दाखवतात, खोडं मोजा. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. बारीक ठिपके पडून चालायला लागले तर लाल कोळी ही कीड आहे. चमकी किंवा पांढरा रंग फवारलेलं झाड फुकट दिलं तरी नको.

उंचीचा हट्ट सोडा. अडीच फुटांचं झाड स्टुलावर ठेवा, स्टूल गोणपाटाने झाका, बाळ येशूची गव्हाण खाली मांडा. पाहुण्यांना चार फुटीच दिसेल. महिन्याच्या सुरुवातीलाच आणा, म्हणजे सजवण्याआधी ते घरात रुळेल.

घरी भरपूर उजेडाची खिडकी द्या, पण एसीचा झोत नको. पाणी वेळापत्रकाने नाही, बोट घालून: वरची माती कोरडी लागली की घाला, बशीत साचलेलं ओतून टाका. फांद्या नाजूक असतात, काचेचे जड गोळे टाळा, कागदी चांदण्या बऱ्या. माळ एलईडीचीच. सण झाल्यावर एकदम पश्चिमेच्या उन्हात ठेवू नका, आठ-दहा दिवस सावलीतून हळूहळू उन्हाकडे सरकवा. आणि उत्साहाने सोसायटीच्या भिंतीलगत जमिनीत लावू नका. नॉरफोक बेटावर हे झाड दीडशे फुटांच्या वर जातं.

सुरूच्या फांदीची आठवण गोड आहे, पण ती तोडलेली फांदी. दोन-चार दिवसांत वाळते आणि घरभर काड्या पडतात, मेणबत्तीजवळ तर ती नकोच. शिवाय शहरात झाडं तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते.

प्रश्न: ताई, लिंबासारखा वास येणारं पिवळसर टोकदार झाड मिळतं, ते घेऊ का?
– एक वाचक, दहिसर

उत्तर: तो सोनेरी सायप्रस. वासाला भुलू नका, कॅलिफोर्नियाच्या थंड किनाऱ्यावरचं झाड ते, मुंबईच्या दमट उकाड्यात कंटाळतं. तुमच्या गॅलरीत सकाळचं तीन-चार तास ऊन येत असेल तर साधी मोरपंखी घ्या. आतली थोडी पानं तपकिरी असतात, ते चालतं. बाहेरची टोकं मात्र हिरवी हवीत. घरात फक्त सणाचे चार दिवस आणा, बाकी गॅलरीतच.