‘सार्गॉनिड’ घराण्याला मराठीत काय म्हणावे?

प्राचीन पश्चिम आशियाच्या इतिहासावरील लेखाचे भाषांतर करताना एका वाचकाला ‘सार्गॉनिड डायनेस्टी’ हा शब्दप्रयोग आढळला. त्यांचे प्रश्न दोन आहेत. यासाठी मराठीत ‘सार्गॉनिड राजवंश’, ‘सार्गोनी घराणे’ आणि ‘सार्गोन वंश’ यांपैकी काय लिहावे, हा पहिला. आणि हा सार्गोन म्हणजे अक्कदचा प्रसिद्ध सम्राटच का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यायला हवे, कारण पहिल्याचा निकाल त्यावरच अवलंबून आहे.

हा सार्गोन अक्कदचा नव्हे. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे ढोबळमानाने आजच्या इराकच्या, इतिहासात या नावाचे तीन राजे होऊन गेले. पहिला अक्कदचा सार्गोन. प्रचलित कालगणनेनुसार त्याचा काळ इ.स.पू. २३३४ ते २२७९ असा धरतात. सुमेरमधील नगरराज्ये जिंकून त्याने जे राज्य उभे केले, त्याला इतिहासातील पहिले साम्राज्य म्हणण्याची प्रथा आहे. त्याच्यानंतर रिमुश आणि मनिष्तुशु हे त्याचे दोन मुलगे, मग नातू नरामसिन आणि पणतू शारकलिशर्री गादीवर आले. त्यानंतरचा सार्गोन अश्शूर नगराचा; याच नगरातून पुढे ॲसिरियाचे साम्राज्य वाढले. तो इ.स.पू. १९०० च्या आसपासचा असून अभ्यासकांच्या बाहेर त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते. तिसरा ॲसिरियाचा सम्राट, ज्याने इ.स.पू. ७२२ ते ७०५ या काळात राज्य केले. याला ‘दुसरा सार्गोन’ म्हणतात आणि इथेच पुष्कळांची गफलत होते. तो ‘दुसरा’ ठरतो तो अश्शूरच्या त्या अल्पपरिचित राजामुळे. अक्कदच्या सार्गोनचा या क्रमांकाशी काही संबंध नाही. विशेष म्हणजे त्या काळच्या लेखनिकांनाही एकाच नावाच्या राजांमध्ये फरक करण्याची गरज भासली होती. दुसऱ्या सार्गोनच्या कारकिर्दीतील काही मृत्तिकापट्टांवर त्याचा उल्लेख ‘शर्रूकीन अर्कू’, म्हणजे ‘नंतरचा सार्गोन’, असा केलेला आढळतो. आपण ‘थोरले माधवराव’ आणि ‘सवाई माधवराव’ असे वेगळे ओळखतो, त्यातलाच हा प्रकार.

इंग्रजीतील अभ्यासकांनी हा घोटाळा टाळण्यासाठी प्रत्ययांची वाटणी करून घेतली आहे. अक्कदच्या सार्गोनचा काळ, त्या काळची लिपी, कला आणि दस्तऐवज यांना ‘सार्गॉनिक’ म्हणायचे, आणि ॲसिरियाच्या दुसऱ्या सार्गोनपासून सुरू झालेल्या राजांना ‘सार्गॉनिड’. दोन शब्दांत फरक शेवटच्या व्यंजनाचा आणि दोन घराण्यांत अंतर सुमारे दीड हजार वर्षांचे. आपल्या भाषांतरात दोन्ही ठिकाणी ‘सार्गोनी’ आले, तर वाचकाला हे अंतर कळण्याचा कोणताच मार्ग उरत नाही. म्हणून ‘सार्गोनी’ला माझा विरोध आहे. ‘अब्बासी’, ‘सासानी’, ‘बहमनी’ हे शब्द आपल्याकडे फारसी-अरबी वाटेने आले आणि रुळले, कारण त्या नावांची दुसरी घराणी समोर नव्हती. नुसत्या ‘ई’ प्रत्ययाने ‘सार्गोनचा’ एवढाच अर्थ निघतो. कोणत्या सार्गोनचा, हा प्रश्न तसाच राहतो.

‘सार्गॉनिड’ जसाच्या तसा ठेवण्यातही अडचण आहे. त्यातील ‘इड’ हा ग्रीक ‘इदेस’ या प्रत्ययाचा अवशेष असून त्याचा अर्थ ‘अमुकाचा वंशज’ असा होतो. सेल्युकसच्या वंशजांना ‘सेल्युसिड’ म्हणतात ते त्यामुळेच. संस्कृतात हेच काम अपत्यार्थक तद्धित प्रत्यय करतात. यदूपासून यादव, कुरूपासून कौरव, पांडूपासून पांडव. मराठी वाचकाला ‘यादव’ या शब्दातील वंशजत्व आपोआप उमगते, पण ‘सार्गॉनिड’मधील ‘इड’ त्याला काहीच सांगत नाही. शिवाय ‘सार्गॉनिड राजवंश’ असे लिहिले की प्रत्ययातला ‘वंश’ आणि पुढचा ‘राजवंश’ अशी द्विरुक्तीही होते.

आता ‘वंश’, ‘राजवंश’ आणि ‘घराणे’ यांतील निवड. आजच्या मराठीत ‘वंश’ हा शब्द मानवसमूहाच्या अर्थाने इतका वापरला जातो (‘वंशवाद’, ‘मानववंशशास्त्र’ हे शब्द पाहा) की ‘सार्गोन वंश’ वाचून ती एखादी जमात असावी असा समज सहज होईल. ‘राजवंश’ चुकीचा नाही, पण मराठी इतिहासलेखनाचा स्वाभाविक शब्द ‘घराणे’ हाच आहे. ‘राजवट’ आणि ‘कारकीर्द’ हे शब्द वेगळ्या कामाचे आहेत. राजवट सत्तेची असते, कारकीर्द एका राजाची असते, आणि घराणे रक्ताच्या किंवा मानलेल्या नात्याने जोडलेले असते.

‘घराणे’ या शब्दाच्या बाजूने आणखी एक सबळ पुरावा आहे आणि तो खुद्द ॲसिरियाच्या लेखनिकांचा. ते लिहीत त्या अक्कादी भाषेत ‘बीतु’ म्हणजे घर. शेजारच्या राज्यांचा उल्लेख करताना ॲसिरियाचे लेखनिक ‘बीत’ या शब्दापुढे मूळपुरुषाचे नाव जोडत असत. इस्राएलच्या राज्याला ते ‘बीत-हुम्री’, म्हणजे ‘ओम्रीचे घर’, म्हणत. दक्षिण बॅबिलोनियातील खाल्डियन टोळीचे नाव होते ‘बीत-याकिन’, ‘याकिनचे घर’. स्वतः दुसऱ्या सार्गोनच्या शिलालेखांत ही नावे वारंवार येतात. ॲसिरियाची पुढची राजधानी निनवे येथे राजपुत्र जिथे वारस म्हणून राहत असे त्या वाड्यालाही ‘बीत रेदूती’, म्हणजे वारसाचे घर, असेच नाव होते, आणि आपण तिथे वाढलो हे दुसऱ्या सार्गोनचा पणतू अशुरबनिपाल अभिमानाने नोंदवतो. घर या शब्दावरून कुळ आणि कुळावरून राज्य ही जी अर्थाची वाढ तिथे दिसते, तीच मराठीत ‘घर’ आणि ‘घराणे’ या जोडीत दिसते. त्यामुळे ‘सार्गोनचे घराणे’ असे लिहिताना आपण त्या लोकांच्या बोलण्याच्या रीतीच्या ‘डायनेस्टी’पेक्षाही जवळ जातो.

मात्र एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हे राजे स्वतःला ‘सार्गोनच्या घराण्याचे’ म्हणवत नव्हते. ही विभागणी आधुनिक अभ्यासकांची आहे. इ.स.पू. ७०५ मध्ये अनातोलियातील तबाल प्रांतात लढताना सार्गोन मारला गेला आणि त्याचा मृतदेहही हाती लागला नाही. राजाला रीतसर दफन न मिळणे हा मोठा अपशकुन मानला जाई. त्याचा मुलगा सेन्नाखेरिब याने राजधानी निनवेला हलवली आणि आपल्या शिलालेखांत पित्याचे नाव घेणे टाळले. म्हणजे ज्याला आपण या घराण्याचा दुसरा पुरुष म्हणतो, त्यानेच मूळपुरुषाचा उल्लेख गाळला होता. पुढे त्याचा मुलगा एसरहद्दोन मात्र वंशावळ सांगताना सार्गोनचे नाव घेतो, पण तिथे थांबत नाही. तो थेट सुमारे हजार वर्षे मागे जाऊन ‘अदासीचा मुलगा बेलबानी’ याच्यापर्यंत आपले मूळ नेतो आणि त्याला अखंड राजबीज म्हणतो. ॲसिरियाच्या राजांच्या यादीत या अदासीची नोंद कशी आहे, तेही पाहण्यासारखे आहे. तिथे त्याचा समावेश ‘कोणाचाच मुलगा नसलेल्या’ राजांत होतो, म्हणजे राजकुळात न जन्मलेल्यांत.

या पार्श्वभूमीवर सार्गोनच्या नावाचा अर्थ लक्षात घ्यावा. अक्कादीत ‘शर्रू’ म्हणजे राजा आणि ‘कीनु’ म्हणजे खरा, पक्का, न्याय्य. लेखनिक हे नाव अनेकदा ‘लुगल’ आणि ‘गि-ना’ या सुमेरी शब्दचिन्हांनी लिहीत. त्यांचाही अर्थ तोच. ज्याचा गादीवरील हक्क निर्विवाद असतो त्याला ‘खरा राजा’ असे नाव घेण्याची गरज पडत नाही, या तर्काने दोन्ही सार्गोन सत्ता बळकावून आले असावेत असे अनेक अभ्यासक मानतात. अक्कदच्या सार्गोनबाबत परंपराही तेच सांगते. आईने त्याला डांबर लावलेल्या वेताच्या टोपलीत घालून नदीत सोडले आणि अक्की नावाच्या पाणक्याने त्याला वाढवले, अशी ती कथा आहे. कर्णाची कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ती लगेच ओळखीची वाटेल. या कथेच्या ॲसिरियन काळातील प्रती सापडल्या असल्यामुळे दुसऱ्या सार्गोनच्या पदरच्या लेखनिकांनीच आपल्या राजाच्या गौरवासाठी ती रचली असावी, असेही एक मत आहे. दुसरा सार्गोन हा आधीचा ॲसिरियन राजा तिसरा तिग्लथ-पिलेसर याचा मुलगा होता की नव्हता, यावर मात्र अजून एकमत नाही.

दुसऱ्या सार्गोनला स्वतःला या नावाचे फार महत्त्व होते. आजच्या खोर्साबादजवळ त्याने ‘दूर-शर्रूकीन’, म्हणजे ‘सार्गोनचा कोट’, हे नवे शहर वसवले. पॉल-एमिल बोत्ता याने १८४३ मध्ये तिथे उत्खनन केले आणि ॲसिरियाचा राजवाडा आधुनिक जगासमोर प्रथमच आला. तिथल्या लेखात राजा म्हणतो की महान देवांनी मला हे नाव दिले ते सत्य आणि न्याय यांचे रक्षण करण्यासाठी, दुबळ्याला वाट दाखवण्यासाठी आणि निर्बळाला इजा न होऊ देण्यासाठी. तटबंदीची लांबी १६ हजारांहून अधिक हात ठेवली आणि हा आकडा आपल्या नावाचा आहे, असेही तो सांगतो. (त्यांचे ‘अम्मतु’ हे मापही कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचे, म्हणून ‘हात’ हाच त्यासाठी नेमका मराठी शब्द आहे.) नावाची अक्षरे आणि तो आकडा यांचा मेळ कसा बसतो, याची सर्वमान्य फोड अजून झालेली नाही.

उच्चाराबद्दलही थोडे. ‘सार्गोन’ हे रूप अक्कादी नव्हे. ते हिब्रू बायबलमधून युरोपात गेले, आणि तिथेही यशयाच्या ग्रंथातील विसाव्या अध्यायात ते एकदाच येते. मूळ रूप ‘शर्रूकीन’. हिब्रूत शेवटचा स्वर ‘ओ’ असल्यामुळे ‘सार्गोन’ लिहावे. ‘सार्गॉन’मधील ‘ऑ’ ही इंग्रजी उच्चाराची देणगी आहे. मराठी बायबलमध्ये ॲसिरियाला ‘अश्शूर’ म्हटले आहे, आणि ते मूळ अक्कादी नावाच्या अधिक जवळचे आहे. पण इतिहासाच्या पुस्तकांत ‘ॲसिरिया’ पक्के बसलेले असल्याने साम्राज्यासाठी ‘ॲसिरिया’ आणि नगर व देव यांच्यासाठी ‘अश्शूर’ अशी वाटणी मला सोयीची वाटते.

इथे ध्वनिसाम्याबद्दल सावध करणे आवश्यक वाटते. ‘अश्शूर’वरून ‘असुर’ आला, असे ठामपणे सांगणारे लेखन आपल्याकडे पुष्कळ आढळते. संस्कृत ‘असुर’ आणि अवेस्तातील ‘अहुर’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत आणि ते मूळ भारत-इराणी आहे; नुसत्या उच्चाराच्या साम्यावरून त्याला मेसोपोटेमियाशी जोडता येत नाही. असाच दुसरा मोह ‘पाळी’ या शब्दाचा होतो. सुमेरी भाषेत ‘बला’ म्हणजे वळणे, पाळी, सत्तेची मुदत. तोच शब्द अक्कादीत ‘पलू’ झाला आणि बॅबिलोनियाच्या राजांच्या याद्यांत ‘अमुक ठिकाणची पलू’ अशा अर्थाने, जवळजवळ ‘घराणे’ म्हणून, वापरला गेला. राजसत्ता ही एका नगराकडून दुसऱ्याकडे पाळीने जाणारी वस्तू आहे, ही त्यामागची कल्पना. अर्थ आणि उच्चार या दोन्ही बाबतींत आपली ‘पाळी’ अगदी जवळ येते, पण ती संस्कृत ‘पालि’वरून आलेली आहे. हा योगायोग सुंदर असला तरी व्युत्पत्ती म्हणून तो मांडू नये.

राहिला दोन घराण्यांत फरक करण्याचा मुद्दा. त्यासाठी नवा प्रत्यय घडवण्याची गरज नाही, कारण मराठीने हा प्रश्न कधीच सोडवून ठेवला आहे. बदामीचे चालुक्य आणि कल्याणीचे चालुक्य, साताऱ्याचे भोसले आणि तंजावरचे भोसले, अशी स्थळाची षष्ठी लावून आपण एकाच नावाची घराणी वेगळी करतो. त्याच रीतीने ‘अक्कदचे सार्गोन घराणे’ आणि ‘ॲसिरियाचे सार्गोन घराणे’ असे लिहावे. ‘निनवेचे’ हे अधिक ठसठशीत वाटेल, पण सार्गोनने स्वतः निनवेहून राज्य केले नाही, म्हणून ‘ॲसिरियाचे’ हेच बिनचूक. अक्कदच्या काळातील कला, लिपी वगैरेंसाठी ‘सार्गोनकालीन’ऐवजी ‘अक्कदकालीन’ म्हटले की संदिग्धता उरत नाही.

भाषांतरात कालमर्यादा द्यायची असल्यास ‘ॲसिरियाचे सार्गोन घराणे (इ.स.पू. ७२२ ते ६०९)’ असे लिहिता येईल. काही ग्रंथांत शेवटचे वर्ष ६१२ दिलेले असते. निनवे बॅबिलोनी आणि मीड यांच्या सैन्यापुढे पडले ते ६१२ मध्ये, आणि तेव्हा राज्य करत असलेला सिनशारिश्कुन हा अशुरबनिपालचा मुलगा होता. त्यानंतर हर्रान येथून ६०९ पर्यंत झुंजलेल्या दुसऱ्या अशुरउबल्लितचे या कुळाशी नाते निश्चित झालेले नाही. त्याला घराण्यात धरले तर ६०९, वगळले तर ६१२. मूळ लेखकाने जी भूमिका घेतली असेल ती भाषांतरात तशीच ठेवावी.