बंद झालेले मेगावॅट मोजताना

अमेरिकेने ब्रिटनच्या कितीतरी पट जास्त कोळसा वीज क्षमता बंद केली आहे. तरी कौतुक ब्रिटनचंच का होतं? – एक वाचक, कोथरूड

आकडा तुम्ही बरोबर धरलात, पण किती होते त्यातले किती गेले, हेही बघायला हवं. 2011 मध्ये अमेरिकेची कोळशावरची स्थापित क्षमता सुमारे 3 लाख 18 हजार मेगावॅट होती, आज ती 1 लाख 80 हजारांच्या आत आहे. ब्रिटनकडे 2010 च्या सुमारास मुळात 30 हजारसुद्धा नव्हती. तेवढी सगळी त्यांनी संपवली: 2,000 मेगावॅटचं रॅटक्लिफ-ऑन-सोर हे शेवटचं केंद्र 30 सप्टेंबर 2024 ला थांबलं. 2012 मध्ये ब्रिटनची जवळपास 40 टक्के वीज कोळशाची होती. म्हणजे मेगावॅटमध्ये अमेरिका पुढे, टक्क्यांत ब्रिटन. दोन्ही खरं आहे, पण बातमीत सोयीचं तेवढंच छापतात.

'निवृत्त' म्हणजे नक्की काय? आमच्या परळीचे संच पाण्याअभावी बंद होते, तेही यात धरायचे का? – एक वाचक, हडपसर

नाही. पाणी नाही, कोळसा नाही, मागणी नाही म्हणून थांबलेला संच निवृत्त होत नाही, स्थापित क्षमतेत तो असतोच. निवृत्त म्हणजे यादीतून कायमचा गेलेला. दिल्लीचं 705 मेगावॅटचं बदरपूर केंद्र ऑक्टोबर 2018 मध्ये असं कायमचं बंद झालं.

खरी गोची इंधन बदललेल्या केंद्रांची आहे. ब्रिटनमधल्या ड्रॅक्सने कोळसा सोडून लाकडाच्या गोळ्या जाळायला घेतल्या. टर्बाइन तेच, चिमणी तीच, पण कोळशाच्या रकान्यातून ते वजा. अमेरिकेत 2011 ते 2019 दरम्यान शंभराहून अधिक कोळसा केंद्रं नैसर्गिक वायूकडे वळली किंवा त्यांच्या जागी वायूची केंद्रं आली. यातली किती 'बंद' म्हणायची हे मोजणाऱ्यावर ठरतं. म्हणून दोन देशांचे आकडे दोन वेगळ्या संस्थांकडून घेऊन शेजारी मांडू नयेत.

आणखी एक. 1,000 मेगावॅटचं केंद्र 75 टक्के भारांकाने, म्हणजे पूर्ण क्षमतेच्या 75 टक्के वीज देत, चाललं तर दिवसाला 1 कोटी 80 लाख युनिट देतं. 30 टक्क्यांनी चाललं तर 72 लाख. म्हाताऱ्या संचांचा भारांक बंद होण्याआधीच घसरलेला असतो. तेव्हा मेगावॅट बंद झाले तेवढी वीज घटली असं समजू नका. मी तर आधी युनिटचा तक्ता उघडतो, क्षमतेचा नंतर.

हे सरकारी हुकमाने झालं की बाजाराने? – एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

ब्रिटनमध्ये मुख्यतः धोरणाने. 2013 पासून त्यांनी कार्बनवर स्वतःची किमान किंमत लावली, पुढे तो भार कार्बन डायऑक्साइडच्या टनाला 18 पौंडांवर गेला आणि कोळसा वायूपुढे महाग पडू लागला. अमेरिकेत शेल वायू (खोल खडकांतून काढलेला नैसर्गिक वायू) स्वस्त झाला, वर 2015 मध्ये पाऱ्याच्या उत्सर्जनाचे नियम लागू झाले. त्या एका वर्षात सुमारे 15 हजार मेगावॅट गेले. पण बाजार करतो ते सरकार अडवूही शकतं. मिशिगनमधलं कॅम्पबेल केंद्र 31 मे 2025 ला बंद व्हायचं होतं. संघराज्य सरकारने आणीबाणीचा आदेश काढून ते चालू ठेवलं.

मग आपण कधी? – एक वाचक, चिंचवड

इतक्यात नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने जानेवारी 2023 मध्येच सांगितलं, की 2030 पर्यंत औष्णिक संच निवृत्त करू नका. ब्रिटनची विजेची मागणी घटत होती, आपली वाढते आहे. त्यामुळे ब्रिटनशी तुलना करून आपल्याला नापास ठरवणं मला पटत नाही. पण म्हणून 210 मेगावॅटचे जुने, जास्त कोळसा खाणारे संच ओढत राहावेत, असंही नाही.

बंद केंद्राच्या जागेचं काय होतं? – एक वाचक, सदाशिव पेठ

सर्वांत मोलाची असते ग्रिडची जोडणी आणि पाण्याची सोय. कोराडीला जुने संच गेले, त्याच आवारात 660 मेगावॅटचे तीन आले. पाडकाम मात्र जिवावरचं काम आहे: ब्रिटनमधलं डिडकॉट ए 2013 ला बंद झालं आणि 2016 मध्ये पाडण्याच्या तयारीत असतानाच बॉयलरची इमारत कोसळून चार कामगार गेले. हा खर्च आणि ही जोखीम निवृत्तीच्या हिशेबात फार थोडे जण धरतात.