पगार थांबल्यानंतर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय 51. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपनीत 24 वर्षे झाली, आता राजीनामा देण्याचा विचार पक्का आहे. बेसिक 90 हजार. पीएफ, ग्रॅच्युइटी मिळून बरी रक्कम हाती येईल. तिचे काय करावे आणि आधी काय करावे?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : राजीनाम्याचे पत्र देण्याआधी आरोग्य विमा हातात घ्या. पैशांचे नियोजन दोन महिने लांबले तरी निभावते, विम्याचे निभावत नाही. कंपनीची ग्रुप पॉलिसी साधारणपणे शेवटच्या कामाच्या दिवशीच संपते. ती चालू असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करा. तसे केले तर मधुमेह, रक्तदाब अशा जुन्या आजारांसाठीच्या प्रतीक्षा काळात (ज्यात त्या आजारांचा खर्च विमा देत नाही) आधीची वर्षे धरली जातात. खंड पडला की नव्या पॉलिसीत हा काळ शून्यापासून सुरू होतो आणि तो 36 महिन्यांपर्यंत असू शकतो. पन्नाशीनंतर वैद्यकीय तपासणीत काही निघाले तर प्रीमियम वाढतो, कधी अर्जच फेटाळला जातो. म्हणून निदान दीड-दोन महिने आधी हालचाल करा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा भार हलका झाला आहे.

आता रकमा. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचे बेसिक (महागाई भत्ता असल्यास तोही धरून) भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षे. तुमच्या बाबतीत ती साधारण 12 लाख 46 हजार होते. शेवटच्या वर्षी सहा महिन्यांहून अधिक काम झाले असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात, म्हणून राजीनाम्याची तारीख ठरवताना रुजू झाल्याची तारीख समोर ठेवा. 20 लाखांपर्यंतची ग्रॅच्युइटी करमुक्त आहे. शिल्लक रजेच्या पैशांना 25 लाखांची मर्यादा आहे, पण त्यावरची सूट सरासरी पगार आणि रजेचे दिवस यांच्या सूत्राने ठरते. पूर्ण रक्कम करमुक्त असेल असे गृहीत धरू नका.

पीएफ लगेच काढण्याची घाई नको. पंचावन्नच्या आत नोकरी सोडलेल्याच्या खात्यावर 58 पर्यंत व्याज जमा होत राहते. मात्र नोकरी सुटल्यानंतरचे व्याज करपात्र असते, हे अनेकांना आयकराची नोटीस आल्यावर कळते. पैसे अडकण्याचे सर्वांत मोठे कारण अगदी साधे असते. नोकरी सोडल्याची तारीख पीएफच्या पोर्टलवर चढलेली नसते, किंवा आधारवर ‘नाईक’ आणि पीएफमध्ये ‘नायक’ असते, एका कागदावर वडिलांचे नाव मधे असते तर दुसऱ्यावर नसते. ही दुरुस्ती नोकरीत असतानाच एचआरकडून करून घ्या. बाहेर पडल्यावर त्याच कामासाठी हेलपाटे पडतात.

पीएफमधल्या पेन्शनच्या भागाचे नियम वेगळे. दहा वर्षांहून अधिक सेवा असल्याने ती रक्कम एकरकमी मिळणार नाही. फॉर्म 10सी भरून स्कीम सर्टिफिकेट (पेन्शनसाठी धरलेल्या सेवेचा दाखला) घ्या आणि जपून ठेवा. पेन्शन 58 व्या वर्षी सुरू होते. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण 58 ला जेवढी वर्षे कमी तेवढ्या प्रत्येक वर्षासाठी 4 टक्के कपात होते, आणि ती कायमची. शिवाय हिशेब 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेवर होत असल्याने हातात येणारी रक्कम काही हजारच असते. घरखर्च तिच्यावर टाकू नका.

दरमहा खात्यात पैसे येण्याची सवय मोडली की माणूस बिथरतो आणि भलत्या जागी पैसे घालतो. म्हणून स्वतःचा पगार स्वतः ठरवा. बारा महिन्यांचा खर्च बचत खाते आणि छोट्या मुदत ठेवींत ठेवा, आणि दर 1 तारखेला ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात वळवा. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत पती-पत्नीच्या संयुक्त खात्यावर 15 लाख ठेवता येतात. 7.4 टक्के दराने त्याचे महिना 9,250 रुपये होतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजना मात्र तुम्हाला साठीलाच खुली होईल. 55 नंतर निवृत्त होणाऱ्यांना निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांत ती घेता येते. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांच्या महागाईचा विचार करता उरलेल्यातला काही भाग म्युच्युअल फंडात राहू द्या. सगळी पुंजी एका फ्लॅटमध्ये घालून पर्यटकांच्या भाड्यावर जगण्याचा बेत असलाच तर तो आम्हाला मान्य नाही. पावसाळ्यात भाडे थांबते, सोसायटीचा खर्च आणि डागडुजी थांबत नाही.

शेवटी कर. आजवर कंपनी कापत होती, आता तुम्ही भरायचा. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर 10 हजार किंवा त्याहून अधिक होत असेल तर आगाऊ कर लागतो : 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत 45, 15 डिसेंबरपर्यंत 75 आणि 15 मार्चपर्यंत पूर्ण. चुकले की महिना 1 टक्का व्याज. नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंत कर शून्य होतो खरा, पण शेअर आणि इक्विटी फंडांवरच्या भांडवली नफ्याला ती सवलत नाही. वर्षभराहून जास्त ठेवलेल्या गुंतवणुकीवरचा सव्वा लाखापुढचा नफा 12.5 टक्क्यांनी करपात्र आहे.

प्रश्न : गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आहे. मग वेगळा विमा कशाला?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : कार्ड चालू ठेवाच. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक जणांना चार लाखांचे संरक्षण त्यात आहे, आणि गोमेकॉसारखे (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) रुग्णालय जवळ आहे ही गोव्याची मोठी सोय आहे. पण संरक्षण यादीतल्या उपचारांपुरतेच आहे आणि ही रक्कम सगळ्या कुटुंबात मिळून आहे. कार्ड हा पहिला थर समजा, त्यावर दहा लाखांची पॉलिसी हवी. पुण्या-मुंबईहून परतणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की योजनेसाठी गोव्यात पाच वर्षांचे वास्तव्य लागते.

प्रश्न : यांनी चार महिन्यांपूर्वी नोकरी सोडली. वय 49. दिवसभर घरात. सकाळी फोनवर जुन्या ऑफिसच्या गोष्टी, मग माझ्या स्वयंपाकघरात येऊन डबे कसे लावावेत ते सांगतात. बोलले की चिडतात. मी काय करू?
– एक वाचक, पर्वरी

उत्तर : ताई, पंचवीस वर्षे ज्यांच्या शब्दावर दहा माणसे हलत होती, त्यांच्या हाती आता डबेच उरले आहेत. यात ना तुमचा दोष, ना त्यांचा. पण हे आपोआप सुटत नाही. मदत करा म्हणून सांगू नका, दोन-तीन कामे पूर्णपणे त्यांच्यावर सोपवा : वीज-पाण्याची बिले, घरपट्टी, गाडी, म्हाताऱ्यांची औषधे, शुक्रवारचा म्हापशाचा बाजार. सोपवले की मासळी महाग आणली तरी बोलायचे नाही. स्वयंपाकघराचा कारभार तुमचा, हे एकदा शांतपणे सांगून टाका.

दुसरे, आठवड्यातले पाच दिवस सकाळी नऊ ते एक त्यांनी घराबाहेर असावे. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात बसता येते. गोवा विद्यापीठाच्या अभ्यागत प्राध्यापकांचे अभ्यासक्रम सर्वसामान्यांनाही खुले असतात. देवस्थान समिती, पंचायतीची ग्रामसभा, सहकारी पतसंस्था यांना हिशेब आणि पत्रव्यवहार जाणणारी माणसे हवीच असतात. फक्त पहिल्या वर्षी अध्यक्षपद घेऊ नये. ऑफिसातली अधिकाराची सवय तिथे चालत नाही, वाद होतात आणि मन पुन्हा खट्टू होते.

झोप उडाली आहे, जेवण कमी झाले आहे, दुपारीच पेला भरला जातो आहे, कशातच रस नाही, असे दोन आठवड्यांहून जास्त चालले असेल तर मात्र वेळापत्रकाने भागणार नाही. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत दाखवा, किंवा 14416 या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य सेवा) मोफत क्रमांकावर आधी तुम्ही स्वतः बोला.

प्रश्न : नोकरी सोडून फोंडा तालुक्यातले वडिलोपार्जित कुळागर (सुपारी-नारळाची बाग) बघायचे आहे. वडील हयात नाहीत, दोन बहिणी विवाहित. सुपारी आणि नारळ यांवर घर चालेल का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : पहिली दोन वर्षे चालेल असे धरू नका. आधी तलाठ्याकडून फॉर्म 1 आणि 14 (जमिनीचा उतारा) काढून कब्जेदार म्हणून कोणाचे नाव आहे, कूळ किंवा मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याची) नोंद आहे का, ते पाहा. गोव्याच्या नागरी कायद्याने मुलींना मुलाइतकाच हिस्सा आहे आणि लग्नात वेगळा करार झाला नसेल तर संपत्ती पती-पत्नीची निम्मी-निम्मी. म्हणजे तुमच्या कुळागराच्या कागदावर तुमच्या पत्नीच्या, बहिणींच्या आणि मेहुण्यांच्याही सह्या लागतील. तुम्ही विहीर, पंप, कुंपण यांवर निवृत्तीचे पैसे घालण्याआधी हे मिटवा. खर्च झाल्यावर वाटणीचा विषय काढणे नात्याला जड जाते. नाव लागले की विभागीय कृषी कार्यालयातून कृषी कार्ड घ्या. अनुदानाचे अर्ज त्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

बागेत सर्वांत जास्त नुकसान करतो तो पावसाळ्यातला कोळेरोग. कोवळी सुपारी काळपट हिरवी पडून गळते. त्यावर 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारतात : 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) 50 लिटर पाण्यात, 1 किलो कळीचा चुना वेगळ्या 50 लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपात. मोरचुदाचे पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओतत ढवळायचे, उलट नाही. मग लोखंडी सुरीचे पाते थोडा वेळ बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त आहे, थर येईनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घाला. नाहीतर पाने आणि घड जळतात. केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवा. पहिली फवारणी पाऊस लागण्याआधी, दुसरी 40 ते 45 दिवसांनी, उघडीप बघून. घडावर नीट बसले पाहिजे, नुसत्या झावळ्यांवर मारून उपयोग नाही.

ही फवारणी आणि नारळ पाडणे, दोन्हींसाठी चढणारा माणूस लागतो आणि अडते ते इथेच. पाडेली (झाडावर चढून नारळ पाडणारा) मे महिन्यात शोधायला निघालात तर मिळणार नाही. मार्चमध्येच बोलून ठेवा, आगाऊ रक्कम द्या. नवी सुपारी लावाल तर ती धरायला पाच ते सात वर्षे लागतात, तोवर मधल्या जागेत केळी आणि चढणारी मिरी घ्या. पहिल्या वर्षी झाडे मोजून वही घाला : किती धरती, किती म्हातारी, कोणत्या ओळीला पाणी पोचत नाही, किती नारळ माकडांनी नेले. त्या आकड्यांवरून दुसऱ्या वर्षी ठरवा की किती गडी ठेवायचे आणि घरखर्चासाठी ठेवीतून किती काढायचे.